बापूकाका आणि गाडीची फी

अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत कोणाचा मिक्सर मेला की तो बापूकाकांकडे न्यावा लागे. नुसता ठेवून निघता येत नसे. काका मिक्सर डायनिंग टेबलावर मांडत, तुम्हाला समोर बसवत आणि विचारत, "कधीपासून बिमार हाय?" मग तो कोणाच्या लग्नात आला, त्यात पहिल्यांदा कसली चटणी वाटली, हे सगळं सांगितल्याशिवाय सुटका नाही. वर चहा, तोही नुसता पाक.

याला कारण कॉलनीत येणारी ई-कचऱ्याची गाडी. ती जुन्या वस्तू न्यायची आणि वर आपल्याकडूनच फी मागायची. पहिल्याच दिवशी काकांनी तिला फाटकात अडवलं. "घेतानी पैसे, वापरतानी बिल, अन् फेकतानी बी फी? कावून?" गाडीवाल्याने विल्हेवाटीचा खर्च समजावून सांगितला. काकांनी ऐकून घेतलं आणि कॉलनीत जाहीर केलं, की आजपासून सगळं माझ्याकडे आणा, फुकट. हळूहळू सोफ्यावर टीव्ही बसले आणि काका पायरीवर आले. माणूस चक्रम आहे, असं माझं स्पष्ट मत होतं.

काका मूळचे तेल्हाऱ्याकडचे, फुलवाले. सारा जन्म बाजारात हार गुंफण्यात गेला. कोणाकडे बारसं, कोणाकडे मयत, गिऱ्हाईक सगळं सांगून जायचं. काकू गेल्या, मग गुडघे गेले, तेव्हा दुकान पुतण्याकडे दिलं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत गाडीने फी बंद केली. मिक्सरची जन्मकथा सांगायला वेळ कोणाला आहे? कॉलनीने सगळं गाडीत टाकलं. मला वाटलं, आता काका जिंकल्याच्या थाटात पेढे वाटतील. ते मात्र फाटकाला धरून एकेक वस्तू चढताना बघत होते.

"आता कोनी येनार नाई," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरची इस्त्री उचलून त्यांच्याकडे गेले. ठणठणीत इस्त्री, सकाळीच तिने नवऱ्याचा शर्ट कडक केला होता. काकांनी ती टेबलावर मांडली, प्लग लावला, थोडं थांबून बोट ओलं केलं आणि टेकवलं. चर्र झालं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. बोट कानाच्या पाळीला लावलं आणि हळूच प्लग काढून ठेवला.

"लय बिमार हाय," ते म्हणाले. "बस पोरी. पयलेपासून सांग."