बुवांचं मडगार्ड

गुरुप्रसादबुवांनी सकाळी पडवीत सायकल उलटी उभी केली, तेव्हाच त्यांच्या बायकोने, प्रेमलताने, ओळखलं की आज घरातलं कुठलंच काम सुलट होणार नाही.

"संध्याकाळी भजनाची बारी आसा तुमची, आणि आता ह्या काय मांडल्यात?"

"मडगार्ड बसवतंय," बुवा म्हणाले. "अख्खां. चाकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक थेंब उडूचो नाय."

गुरुप्रसाद दिवसा पतसंस्थेत कारकून आणि उरलेल्या वेळात भजनातले बुवा. वायंगणीपासून आचऱ्यापर्यंत त्यांच्या आवाजाचं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर सापडली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. बुवांना चालण्याचा कंटाळा, म्हणून पुण्याच्या लेकीने, वर्षालीने, सायकल पाठवली. सडपातळ, चकचकीत, वाऱ्यासारखी पळणारी. मडगार्ड मात्र तिला नव्हतं. अशा सायकलींना ते शोभत नाही, असं पुण्यातल्या दुकानदाराचं मत होतं. त्या दुकानदाराने वायंगणीचा श्रावण पाहिलेला नव्हता.

गेल्या वर्षी तोंडवलीच्या देवळात डबलबारी झाली. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांना चिमटे काढतात. गुरुप्रसादबुवा पांढराशुभ्र झब्बा घालून सायकलवरून गेले. देवाला नमस्कार करायला ते वळले आणि मंडपात हशा पिकला. मानेपासून कमरेपर्यंत त्यांच्या पाठीवर तांबड्या मातीची सरळ रेघ उठली होती. समोर होता शिरोड्याचा निकेतबुवा. वयाने लहान, जिभेने तिखट. त्याने तिथल्या तिथे गजर, म्हणजे सगळ्यांनी घोळवायच्या दोन ओळी, जोडला:

"पुढसून दिसता दूध, बुवा, मागसून तांबडी रेघ!
सायकल इकून छत्री घेवा, वरती भरलो मेघ!"

सायकल विकून छत्री घेतल्याने पाठीवरची रेघ कशी जाणार, हे कोणी विचारलं नाही. गजर व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या जिल्ह्यात फिरला. पतसंस्थेत पैसे भरायला आलेली माणसं आधी बुवांची पाठ बघू लागली.

आज पुन्हा तोंडवली आणि पुन्हा निकेतबुवा.

"मंडळाच्या टेंपोतसून जावा," प्रेमलता म्हणाली. "नायतर झब्बो पिशयेत घाला आणि थंय जावन बदला."

"टेंपोतसून गेलंय तर सायकल इकलंय म्हणतीत. पिशयेतसून झब्बो नेलंय तर भियालंय म्हणतीत. मी सायकलीवरसून जातलंय आणि पांढरोच उतारतलंय. गावाक कळाक होया."

मडगार्डाच्या खोक्यात दोन लांब काळ्या पट्ट्या, बोटाहून बारीक अशा बऱ्याच सळ्या, एक पुडी नटबोल्ट आणि एक चित्रांचा कागद होता. कागदावरचा माणूस चार चित्रांत मडगार्ड बसवून हसत होता. बुवा पहिल्या चित्रातच अडकले. पट्टी चाकावर बसेना, कारण मध्ये ब्रेक येत होता. ब्रेक सैल केला तर पट्टी बसली, पण चाक फिरेना. चाक फिरवलं तर ब्रेक लागेना.

एवढ्यात शेजारचे भिकाजी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. यंत्राशी कोणी झटापट करताना दिसला की त्यांना घरी बसवत नसे.

"सरा, सरा. अख्खो जलम एस्टी चालवलंय मी."

"चालवल्यात," आतून प्रेमलताचा आवाज आला. "पण टायर दुसरोच बदली होतो."

भिकाजींनी ते ऐकलं नाही. त्यांनी पट्टीला गुडघा लावला, पक्कडीने सळ्या वाकवल्या आणि मडगार्ड टायरला इतकं चिकटवलं की मध्ये सुरीचं पातं कसंबसं गेलं असतं.

"इतक्या जवळ कित्या?" बुवांनी शंका काढली.

"जितक्या जवळ तितक्या बरा. फट ठेवलास तर थेंब सुटतलो. तुमका थेंब सोडूचो आसा?"

बुवांना थेंब सोडायचा नव्हता.

शेवटचे दोन नट लावायचे राहिले, तेव्हा प्रेमलताची ठिपक्यांची कोंबडी पडवीत आली. जमिनीवर चकाकणारं काहीतरी तिला दिसलं, आणि कोणी हात पुढे करायच्या आत एक नट तिच्या पोटात गेला. दुसरा तिने चोचीत धरून माडांच्या दिशेने नेला.

"कापूया हिका!" भिकाजी ओरडले.

"माज्या कोंबयेक हात लावशात तर मडगार्ड तुमच्याच नरड्याक बसयतलंय!" प्रेमलता उलथनं घेऊनच बाहेर आली.

मग भिकाजींनी घरून तंगूस आणला. मासे गरवायचा तो चिवट नायलॉनचा दोरा. नटाच्या जागी त्यांनी त्याच्या इतक्या गाठी मारल्या की सायकलचं मागचं अंग शेवयांसारखं दिसू लागलं.

"मोरीसारखो दांडगो मासो लागलो तरी सुटाचो नाय," ते समाधानाने म्हणाले.

दुपार टळली. बुवांनी आंघोळ केली, इस्त्रीचा झब्बा चढवला आणि निघाले. पाऊस नुकताच थांबला होता, रस्त्यावर जागोजाग पाणी होतं. पहिल्या डबक्यातून सायकल गेली तेव्हा बुवांनी श्वास रोखला. पुढे गेल्यावर एका हाताने पाठ चाचपली. कोरडी. दुसरं डबकं त्यांनी मुद्दाम शोधून काढलं. पाठ कोरडी! तिसऱ्यात ते वळून दोनदा गेले. ओठांवर आपोआप गजर आला. निकेतबुवा आज कसला चिमटा काढतो ते बघूच, असं म्हणत त्यांनी पायडलवर जोर दिला.

पण पुढे नळाच्या पाइपासाठी रस्ता खणलेला होता. डांबर संपलं आणि लोण्यासारखा तांबडा चिखल सुरू झाला. चाकाने तो उचलला आणि मडगार्डाखाली नेला. बाहेर यायला त्याला फटच नव्हती. आधी "खर्र" झालं, मग "घुर्र", आणि मग सायकल जागच्या जागी थांबली. चाक पुढे जाईना, मागेही येईना. बुवांनी काटकी घालून चिखल उकरला. काटकी मोडली आणि आतच राहिली. मडगार्ड काढावं तर भिकाजींच्या गाठी.

सायकल खांद्यावर घेतली तर झब्बा गेला. ढकलावी तर ती सरकत नव्हती. शेवटी बुवांनी ती दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली, ओलं तान्हं मूल धरावं तशी, आणि पोट आत ओढून चालू लागले. दर थोड्या वेळाने खाली ठेवायचं, पाठ चाचपायची, पुन्हा उचलायचं. हात भरून आले. बारीची वेळ जवळ येत होती, आणि बुवाच पोचले नाहीत तर तोंडवलीची सुपारी पुढच्या वर्षी दुसऱ्याच मंडळाला जाणार होती.

मागून टेंपो आला आणि थांबला. पुढच्या सीटवर निकेतबुवा. तोही पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात.

"बुवानू! सायकल तुमका व्हरता की तुमी सायकलीक?"

गुरुप्रसादांना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. "चाक अडाकला," ते पुटपुटले.

पुढचा चिमटा येणार म्हणून ते थांबले. पण निकेतने चप्पल काढली, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि चिखलात उतरला.

"सोडा, बुवा! झब्बो मळात तुमचो," गुरुप्रसाद म्हणाले.

"मळांदे हो. तुमी पोचलास नाय तर मी गावू कोणाच्या इरोधात? तुमी पुढसून घट धरा."

निकेतने मागे बसून मडगार्ड दोन्ही हातांनी ओढलं. तंगूस ताणला. मोरी माशाला पुरणारा तो दोरा शिरोड्याच्या बुवाला पुरला नाही. "टण्ण" असा आवाज आला, मडगार्ड उसळलं आणि आत साठलेला रस्ता एका झटक्यात निकेतच्या अंगावर आला. कपाळ, मिशा, छाती, पोट. डोळे तेवढे पांढरे राहिले.

सायकलच्या पुढे उभ्या असलेल्या गुरुप्रसादबुवांवर एक थेंबही उडाला नाही.

टेंपोत बसून दोघे देवळात पोचले. तोंड धुवायला वेळ मिळाला, झब्ब्याला नाही. गुरुप्रसाद तोंडाने "वायट झाला, वायट झाला" म्हणत होते, पण मनात गजर जुळत होता. वर्षभराची परतफेड समोर तांबडीलाल होऊन बसली होती.

पहिली पाळी मात्र निकेतची आली. त्याने पेटीवर सूर धरला, मंडपाकडे बघून आधी आपली छाती दाखवली आणि मग बुवांकडे हात केला:

"दुसऱ्याच्या चाकापायी झब्बो झालो लाल,
ज्याची सायकल तो बगा कसो पांढरो खुशाल!"

मंडप हसून कोसळला. आणि हशा ओसरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा गुरुप्रसादांच्या झब्ब्यावर होत्या. एवढी शुभ्रता त्या संध्याकाळी तोंडवलीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

"तुमका एक थेंबव लागलो नाय, बुवानू?" पुढच्या ओळीतल्या तुळसाआजीने मोठ्याने विचारलं. त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

आता गुरुप्रसादबुवांची पाळी आली. जुळवलेला गजर ओठांवर होता, पण मदतीला उतरलेल्या माणसाच्या चिखलावर हसलं तर तुळसाआजी मंडपातून बाहेर काढील, एवढं त्यांना कळत होतं. पेटी बाजूला सारून ते उठले आणि मंडपाबाहेर गेले. लोकांना वाटलं, बुवा रुसले. मृदंगवाला हात वर धरून बसून राहिला.

बुवा पागोळ्यांखाली वाकले. दोन्ही हात तांबड्या चिखलात बुडवले, क्षणभर डोळे मिटले, आणि इस्त्रीच्या झब्ब्यावर छातीपासून पोटापर्यंत सावकाश, नीट, भिंत सारवावी तसे फिरवले. मग आत येऊन बसले आणि सूर लावला:

"चिखल माज्या सायकलीचो, तुमी कित्या घेतलास?
वाटणी माका दिल्याशिवाय आदीच कसे इलास?"

टाळ्यांनी देवळाची कौलं हलली. तुळसाआजी हसता हसता खोकू लागली, तिला पाणी द्यावं लागलं. गजर दहाबारा वेळा घुमला, मृदंग तापला, आणि तो थांबल्यावर सगळे निकेतबुवाकडे बघू लागले. आता त्याची पाळी.

निकेतबुवा पेटीवर कपाळ टेकून हसत होता. त्याने दोनदा सूर धरला, दोनदा गुरुप्रसादांकडे पाहिलं आणि दोनदा पुन्हा फुटला. शेवटी त्याने डोळे पुसले, तेही चिखलाच्या बाहीनेच, आणि हात जोडले.

"बुवानू, तुमीच म्हणा आजून एक," तो म्हणाला. "माका आता गावूक जमाचा नाय."