पाचव्या पर्वाची मानमोजणी

माणसाला हृदय असते असे पूर्वी समजत असत, आणि ते खोटे आहे असे आमच्या समितीचे म्हणणे नाही. परंतु हृदय आत असते. ते दिसत नाही, तक्त्यात भरता येत नाही, आणि प्रत्येकाचे निरनिराळ्या वेळी भरून येते. मान मात्र बाहेर असते. ती एकतर वर असते किंवा खाली, आणि दहा फुटांवरून कोणालाही दिसते. म्हणून प्रेक्षकाची मान वर जाणे म्हणजे चढ आणि खाली येणे म्हणजे उतार, अशी व्याख्या आमच्या स्टुडिओने तीन वर्षांपूर्वी एकमताने मंजूर केली. (एक सदस्य विरोधात होते. ते आता सदस्य नाहीत.)

'धूम्रखोरे' ही आमची अद्भुतरम्य ॲनिमेशन मालिका. तीत एक राजकन्या आहे, एक चेटकीण आहे, दर पर्वात मरणारा एक सेनापती आहे आणि एक ड्रॅगन आहे, जो बोलत नाही. नुकतेच तिचे पाचवे पर्व झाले. या पर्वात चढ कुठे होते आणि उतार कुठे, यावर बाहेर बरीच मते व्यक्त होत आहेत. मते कोणीही व्यक्त करू शकतो. मी चढ-उतार समितीचा सदस्य-सचिव असल्याने माझ्याकडे आकडे आहेत.

आधी प्रेक्षकाविषयी. पूर्वी प्रेक्षक मालिका बघत असे आणि अधूनमधून हातातले काम करी. आता तो इस्त्री करतो, मटार सोलतो, मुलाचा गृहपाठ घेतो, आणि हे सगळे करताना फोन बघतो. मालिका कोपऱ्यात बसलेल्या लांबच्या मावशीसारखी सोबतीला असते. तिच्याकडे कोणी बघत नाही, पण उठून गेली तर चुकल्यासारखे वाटते. यात प्रेक्षकाचा दोष आहे असे समिती मानत नाही. दोष मालिकेचा, कारण मालिकेला सुधारता येते.

त्यासाठी तिसऱ्या मजल्यावर पाहणी खोली आहे. दोन लांब सोफे, बारा प्रेक्षक, चहा, बिस्किटे. प्रेक्षकांनी आपापला फोन आणणे सक्तीचे आहे. (फोन विसरलेल्या गृहस्थाला आम्ही परत पाठवतो. असा माणूस नमुना म्हणून चालत नाही.) पडद्याच्या बाजूला तीन खुर्च्यांवर तीन मोजणीदार प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात: मी, लेखनिक, आणि जिला सगळे अचूकबाई म्हणतात ती वरिष्ठ मोजणीदार, जिच्या नजरेतून शिंकतानाही एक मान कधी सुटलेली नाही. नियम नऊनुसार मोजणीदाराने पडद्याकडे बघायचे नाही. तीन वर्षांत मी बेचाळीस हजार माना मोजल्या आणि मालिकेचा एकही भाग पाहिला नाही. मला ती लोकांच्या तोंडांवरून माहीत आहे.

पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागाचे आकडे चिंताजनक होते. तलवारींची लढाई, बारापैकी तीन माना. ज्वालामुखीचा स्फोट, चार. राजकन्येची प्रेमाची कबुली, एक, आणि तीही बिस्किटांची ताटली कुठे गेली ते बघायला वर आलेली.

दुसऱ्या भागात मात्र चमत्कार झाला. ध्वनिमुद्रण चालू असताना कोणीतरी कुरियर घेऊन आले आणि दारावरची घंटी आवाजात मिसळून गेली. ती चेटकिणीच्या शापाच्या मधोमध वाजली. बारापैकी बारा माना वर! दोघे उठले, एकाने खोलीचे दार उघडून बाहेर पाहिले. इतका निर्भेळ चढ आमच्या इतिहासात नोंदला गेलेला नाही. आपण साप समजून भुई धोपटत होतो, आणि साप दाराशी उभा राहून घंटी वाजवत होता, असे स्टुडिओचे मोठे साहेब त्या दिवशी म्हणाले. (म्हण थोडी वेगळी आहे, पण साहेबांची म्हण कोण दुरुस्त करणार?)

तिसऱ्या भागापासून धूम्रखोऱ्यातल्या सर्व गुहांना दारे आली आणि दारांना घंट्या. खोऱ्यात वीज नाही, हा मुद्दा चित्रकारांनी काढला. तो नोंदवून घेण्यात आला. सातव्या भागात नऊ हजारांची शत्रुसेना गडाच्या दरवाज्यापाशी येते, घंटी वाजवते आणि थांबते. आतून कोणी येत नाही. सेना पुन्हा वाजवते. समीक्षकांनी हा प्रसंग पर्वाचा उत्कर्षबिंदू ठरवला आणि त्यातल्या ताणाचे कौतुक केले. दूध उतू जाण्याचा आवाज (नऊ माना) आणि शेजारच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज (दहा) हेही पुढे योग्य जागी वापरण्यात आले.

ज्यांची मान घंटीलाही वर येत नाही त्यांच्यासाठी स्व-निवेदन सुरू केले. प्रत्येक पात्राने आपण काय करतो आहोत ते मोठ्याने सांगायचे. "मी आता तलवार उपसते आहे." "मी रडते आहे, पण तुला दाखवत नाही." सेनापती आठव्या भागात गेला तेव्हा "मी मेलो आहे" असे दोनदा म्हणाला, कारण पहिल्या वेळी काही प्रेक्षक हात धुवायला उठलेले असू शकतात.

राहता राहिला ड्रॅगन. तो आठ वर्षे गप्प आहे. त्याला जे काही म्हणायचे असते ते तो शेपटीने म्हणतो. त्या ड्रॅगनवर दहा जण काम करतात. पंखांना तिघे, खवल्यांना दोघे, डोळे, धूर आणि पाय यांना चौघे मिळून, आणि शेपटीला एकटी एक बाई, जिला स्टुडिओत शेपूटताई म्हणतात. शेवटच्या भागात ड्रॅगन खोरे सोडून जातो. चार मिनिटांचा प्रसंग, शब्द नाही, घंटी नाही, नुसती शेपूट. ती चार मिनिटे काढायला तिला अकरा महिने लागले. समितीने ठरवले की ड्रॅगनने "मी आता निघतो" असे तीनदा म्हणावे आणि जाताना घंटी वाजवावी. तो बोलणार म्हटल्यावर चित्र तोंडापुरतेच पुरे, शेपूट चौकटीबाहेर. आणि शेपूट चौकटीबाहेर म्हटल्यावर शेपूटताईही.

ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

"सचिवसाहेब, त्याला बोलायला लावू नका."

"बाई, मग तो चाललाय हे लोकांना कळणार कसं?"

"शेपटीवरून."

"आणि मान खाली असेल तर?"

"वर करतील."

"कशानं? घंटी नको म्हणता, बोलणं नको म्हणता."

 यावर तिने भलतेच सांगायला सुरुवात केली.

"माझी आत्या आहे ना, ती आमच्याकडून निघताना कधी 'येते' म्हणायची नाही. दारात थांबायची. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. मग परत पहिल्या हातात. आम्ही पोरं समजायचो, हिला जायचं नाहीये. मग जायची. आता बाबांचं नि तिचं बोलणं नाही, येतच नाही ती. पण ते पिशवी बदलणं मला अजून दिसतं. तीच शेपूट आहे ती. दुसरं काही नाही."

ही माहिती विषयपत्रिकेवर नव्हती, तरी मी ऐकून घेतली. मलाही एक बहीण आहे. (ती आमच्याकडून कशी निघते ते मी सांगू शकणार नाही. मी त्या वेळी सहसा फोनवर असतो.)

समिती अन्यायी नाही. साहेबांनी तिला एक चाचणी मंजूर केली. बारापैकी सात माना वर आल्या तर प्रसंग जसाच्या तसा राहील. नाहीतर ड्रॅगन बोलेल. तिने कागदावर सही केली आणि खोलीबाहेर बाकावर जाऊन बसली, कारण ज्याने प्रसंग काढला त्याने आत थांबायचे नाही असा नियम आहे.

चाचणी सकाळी अकराला झाली. बाराही नमुने उत्तम होते. एक निवृत्त पोस्टमन फोनवर पत्ते खेळत होते, एक शिक्षिका उत्तरपत्रिका तपासत होत्या, एक नवरा-बायको एकमेकांना शेजारी बसून संदेश पाठवत होते. सगळ्या माना खाली. प्रसंग सुरू झाला आणि आवाज थांबला.

आमच्या मालिकेत गेली कित्येक वर्षे आवाज थांबलेला नाही. पोस्टमन म्हणाले, "नेट गेलं का?" आणि त्यांनी वर पाहिले. मी एक रेघ ओढली. मग शिक्षिकाबाईंनी पाहिले, दुसरी रेघ. मग कोणीतरी, तिसरी.

यानंतर माझ्या तक्त्यात काही नाही.

याचे कारण तांत्रिक आहे. आवाज नसल्याने यंत्र बंद पडले असावे अशी मला रास्त शंका आली, आणि यंत्र चालू आहे की नाही हे बघण्यापुरते पडद्याकडे वळण्याची मुभा नियम नऊमध्येच आहे. मी वळलो. शेपूट जमिनीवर होती. ती उचलली गेली, थांबली, परत खाली आली. पुन्हा उचलली गेली, आणि या वेळी तिचे टोक तेवढे खाली राहिले, जशी निघताना एखाद्याची बोटे दाराच्या चौकटीवर राहतात. यंत्र व्यवस्थित चालू होते. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी ते शेवटपर्यंत बघत राहिलो.

दिवे लागले तेव्हा खोलीत कोणी हलत नव्हते. बारा कप चहावर साय आली होती. लेखनिकाची पेन्सिल सोफ्याखाली गेली होती आणि ती पडल्याचे त्याला माहीत नव्हते. अचूकबाई चष्मा पुसत होती.

"किती झाल्या?" मी हळूच विचारले.

"मला वाटलं, तुम्ही मोजताय."

"मी यंत्र बघत होतो."

"मीही यंत्रच बघत होते हो," ती म्हणाली, आणि चष्मा परत पुसायला घेतला.

आकडे असे निघाले: मी तीन, लेखनिक दोन, अचूकबाई शून्य. मोजणीदारांत तफावत आल्यास सर्वांत कमी आकडा ग्राह्य धरावा असा नियम चौदा आहे, आणि अचूकबाईचा आकडा चुकीचा असू शकत नाही हे सर्वमान्य आहे. तेव्हा शून्य. फेरचाचणीची सूचना आली, पण प्रसंग एकदा पाहिलेला प्रेक्षक दूषित होतो. बाराही जणांना विचारावे असेही कोणी सुचवले. बारा जण "छान होतं" म्हणाले. त्यासाठी रकाना नाही. शिक्षिकाबाई रुमाल काढायला वाकल्या होत्या, ती हालचाल तेवढी 'मान खाली' म्हणून घेता आली.

खरे काय झाले ते आम्ही तिघे सांगू शकत होतो. परंतु ते सांगणे म्हणजे तीन अनुभवी कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी नियम नऊ मोडल्याचे लेखी कबूल करणे. तिघांनी शून्याखाली सह्या केल्या. अचूकबाईने सर्वांत शेवटी केली.

मी बाहेर आलो तेव्हा शेपूटताई बाकावरून उठली.

"किती?"

"शून्य."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुमचे डोळे लाल आहेत, साहेब."

"खोलीत धूळ आहे. कळवलंय मी."

"तुम्ही पाहिलंत ना पण?"

"मी पाहिलं म्हणून काय झालं? मी प्रेक्षक नाही."

"आज होतात," ती म्हणाली.

मला वाईट वाटले. ते इथे लिहितो आहे, कारण इतिवृत्तात लिहिता आले नाही. तिने त्याच संध्याकाळी आपल्या पेन्सिली आणि दिवा उचलला आणि निरोप समारंभ नको म्हणून कळवले. ती जिन्यावरून कशी उतरली ते बघायला मी दारापर्यंत गेलो होतो, पण तेवढ्यात फोन वाजला.

ड्रॅगन आता बोलतो. एका भारदस्त आवाजाच्या नटाने "मी आता निघतो" तीनदा म्हटले, तिसऱ्यांदा विशेष परिणामकारक. मात्र एक प्रशासकीय अडचण आली. प्रत्यक्षात चित्र तोंडापुरते ठेवणे जमेना, कारण ड्रॅगनला उडायचे होते. शेपूटताई तर गेली होती. पंखवाले म्हणाले, शेपूट आमच्या कक्षेत येत नाही. खवलेवाले म्हणाले, आमचे खवले कमरेपाशी संपतात. पत्रव्यवहार चालू असतानाच प्रसारणाची तारीख आली आणि शेवटचे दोन भाग तसेच गेले. त्या भागांत ड्रॅगन एकूण एकेचाळीस मिनिटे पडद्यावर आहे. त्याला शेपूट नाही.

साहेबांना तीन दिवस झोप नव्हती. आता गहजब होणार म्हणून आम्ही दिलगिरीचे पत्रक छापून तयार ठेवले आणि तक्रारींच्या नोंदीसाठी दोन जादा माणसे बसवली. तक्रारी आल्या नऊ हजार एकशे बारा. त्यांपैकी आठ हजार सातशे बहात्तर घंटीबद्दल होत्या (लोक उठून दार उघडून आले, दारात कोणी नव्हते). उरलेल्या तीनशे चाळीस सेनापतीबद्दल, की तो मेला हे एकदाच ऐकू आले. शेपटीबद्दल एकही नाही. मी पूर्ण यादी दोनदा वाचली, कारण मला एक तरी हवी होती. पत्रके अजून कपाटात आहेत.

वाचकहो, शेवटचे दोन्ही भाग तुमच्या घरी अखेरपर्यंत चालले, याची आमच्याकडे मिनिटांसह नोंद आहे. तुम्ही पर्वाला पाचपैकी चार तारे दिलेत आणि खाली लिहिलेत, "ड्रॅगनला बघून डोळे भरून आले."