नगण्य भिंत

कपडे पिळायची वेळ आली की वॉशिंग मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत येई. आज नेमक्या सासूबाई आत असताना त्याने दार अडवलं. सुटका झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की आता मेकॅनिकला बोलवा. हे जावयाच्या जिव्हारी लागलं.

कारण जावई कंपनांचाच इंजिनिअर होता. गर्दीने, वाऱ्याने पूल कसा हलेल याची हजारो समीकरणं असतात. त्यातली कामाची मूठभर ठेवायची, बाकीची वगळायची आणि तरी उत्तर बरोबर आणायचं, यात ऑफिसात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याबद्दल मिळालेलं, त्याचं नाव कोरलेलं काचेचं मानचिन्ह हॉलमधल्या फळीवर दिमाखात उभं होतं. सासूबाईंना मात्र हे काम कधी पटलं नव्हतं.

"एवढं सगळं टाकून देता, मग पगार कशाचा घेता?" असं त्यांनी लग्नाची बोलणी चालू असतानाच विचारलं होतं.

आज उत्तर द्यायची संधी अक्षरशः चालून आली होती. जावई कागद घेऊन बसला. मशीन, फरशी, नळ, बादली, भिंत असं सगळं मांडलं आणि एकेक खोडत तीन समीकरणांवर आणलं.

"भिंत का खोडलीस?" बायकोने विचारलं.

"नगण्य आहे," तो रुबाबात म्हणाला.

मग त्याने लोखंडी पट्ट्यांनी मशीन त्याच भिंतीला घट्ट आवळलं, वर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि बटण दाबलं. मशीन घोंघावलं, पण पेल्यातलं पाणी हललं नाही. सासूबाईंनी चष्मा लावून, वाकून खात्री करून घेतली.

"जमलं की हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. जावयाची छाती फुगली.

तेवढ्यात हॉलमधून खळकन आवाज आला. भिंतीच्या पलीकडच्या बाजूलाच ती फळी होती. मशीनची सगळी थरथर गुपचूप तिकडे गेली होती आणि मानचिन्ह सरकत सरकत कडेवरून खाली आलं होतं.

जावई मान खाली घालून उभा राहिला. सासूबाईंनी केरसुणी आणली, काचा गोळा केल्या, त्यातला एक तुकडा उचलून पदराने पुसला आणि चालू मशीनवर पेल्याशेजारी नेऊन ठेवला. तो तसूभरही सरकला नाही. त्यावर जावयाचं नाव होतं.

"कामाचं तेवढं ठेवलंय," जावयाकडे कौतुकाने बघत त्या म्हणाल्या, "बाकीचं नगण्य."