सर आणि दोन चांदण्या

माळा आवरायचा की मॅन्युअल आवरायचं, असा प्रश्न सुट्टीच्या सकाळी टिंबरावांपुढे उभा राहिला आणि त्यांनी मॅन्युअल निवडलं. मॅन्युअल डोक्यावर पडत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

टिंबराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. कुणाच्या लिखाणात पूर्णविराम सुटलेला दिसला की त्यांना दिवसभर घास गोड लागत नसे. एका सॉफ्टवेअर कंपनीत ते मॅन्युअल लिहिण्याचं काम करत, आणि सध्या त्यांच्या गळ्यात फाइली पाठवणारं एक टूल पडलं होतं. या टूलला बटण नाही, चित्र नाही. काळी खिडकी उघडायची, हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं. फाइल जिकडे जायची तिकडे जाते. गेली असं सांगायचीही त्याची रीत नाही. काम झालं की गप्प. (हा गुण घरातल्या माणसांनीही घ्यावा, असं टिंबरावांची बायको म्हणे. ‘माणसांनी’ असं ती मोघम म्हणे, पण बघे टिंबरावांकडे.)

टूलचं मॅन्युअल मात्र बारा जणांच्या हातून आलेलं. कुणी ठळक अक्षरासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी, म्हणजे ताऱ्याची खूण (*), दिलेली, कुणी तिरपी रेघ, कुणी नुसताच मोठा आवाज काढल्यासारखं अधोरेखित केलेलं. या सगळ्या खुणांना, म्हणजे मार्कअपला, एकदा शिस्त लावायची असं टिंबरावांनी ठरवलं.

“माळ्याचं काय?” बायकोने विचारलं. ती जनावरांची डॉक्टर. बैलाला इंजेक्शन देणारी बाई नवऱ्याला विचारताना आवाज चढवत नाही, तिला गरज नसते.

टिंबरावांनी तिला समजावलं, की हे नाजूक काम आहे. यात शब्दाला हात लावायचा नसतो, फक्त त्याच्या आजूबाजूच्या खुणा साफ करायच्या असतात.

“मग माळ्यावरही सामानाला हात लावू नकोस,” ती म्हणाली, “आजूबाजूची धूळ तेवढी काढ.”

टिंबराव लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत सटकले.

दुपारपर्यंत काम झपाट्याने झालं. तिरप्या रेघा गेल्या, अधोरेखा गेल्या, सगळीकडे एकजात चांदण्या आल्या. ‘शोधा आणि बदला’ हे दोन शब्द ज्याने जोडले त्याला पुतळा उभारावा, असं टिंबरावांना वाटू लागलं. मग त्यांना साहेबांची ताकीद आठवली. साहेबांना सगळं ऑफिस नुसतं ‘सर’ म्हणे. सरांचा नियम असा, की मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण आधी स्वतः चालवून बघायचं.

टिंबरावांनी एक इवलीशी फाइल तयार केली. आत लिहिलं, ‘सर, उदाहरण चालवून पाहिलं.’ फाइलला नावही ‘सर’च दिलं. मॅन्युअलमधलं उदाहरण उचलून काळ्या खिडकीत चिकटवलं, नावाच्या जागी ‘सर’ घातलं आणि सगळ्यांना उघडता येतं त्या ऑफिसच्या सामायिक फोल्डरकडे पाठवून दिलं. शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदण्या तशाच राहिल्या होत्या. पण त्या नुसत्या नटण्यामुरडण्याच्या, ठळक दिसण्याच्या, त्यांचं काय मनावर घ्यायचं?

टूलने घेतलं. कागदावर चांदणी म्हणजे शृंगार असेल, पण टूलच्या भाषेत चांदणी म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. अलीकडे चांदणी, पलीकडे चांदणी आणि मध्ये ‘सर’, याचा अर्थ त्याने सरळ लावला: लॅपटॉपवरच्या ज्या फाइलीच्या नावात कुठेही ‘सर’ येतं, ती प्रत्येक फाइल पाठव. पाठवली. आणि गप्प बसलं.

टिंबराव चहा करायला उठले तेव्हा फोन वाजला. टूल जिने लिहिलं होतं त्या प्रोग्रामरचा. ती हसू दाबत होती.

“टिंबराव, तुम्ही दुसरी नोकरी शोधताय?”

त्यांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ‘दुसरी नोकरी अर्ज’ ही फाइल त्यांनी लॅपटॉपच्या पार तळाशी पुरून ठेवली होती. दुसरी. मध्ये ‘सर’. मग त्यांना एकेक फाइल आठवू लागली. ‘विसरू नये असे अपमान’. ‘सरडा’, ही त्यांनी साहेबांवर रचलेली कविता, कारण साहेब मीटिंगगणिक रंग बदलत. आणि ‘सासरे’.

“परत कशा आणायच्या?” त्यांनी विचारलं.

“मॅन्युअलमध्ये दिलंय की,” ती म्हणाली. “तुमच्याच हातात आहे ते.”

त्यांनी धावत जाऊन ते प्रकरण उघडलं. सकाळच्या सफाईत तिथल्या रेघा साफ झाल्या होत्या, त्याही जिथे रेघ हाच हुकुमाचा भाग होता अशा जागच्या. उरलं होतं ते वाचून फाइल तर सोडाच, हाक मारलेला कुत्रासुद्धा परत आला नसता. शेवटी प्रोग्रामरनेच फाइली काढून टाकते म्हणून सांगितलं. “फक्त ही ‘सासरे’ काय आहे? उघडली तर नुसता आवाज येतोय,” असं म्हणून तिने ती फोनवर लावली. टिंबरावांचा फोन नेमका स्पीकरवर होता.

घरात घोरण्याचा आवाज घुमला. आधी घरघर, मग दगड घासल्यासारखा सूर, मग भयाण शांतता, मग स्फोट.

सासरे बाहेरच बसले होते. निवृत्त बँडमास्तर. महिनाभर मुक्कामाला होते आणि ‘मी घोरत नाही’ हे त्यांचं म्हणणं टिंबरावांना पुराव्यानिशी खोडायचं होतं, म्हणून एका रात्री त्यांनी सासऱ्यांच्या खोलीतल्या खुर्चीत बसून हे रेकॉर्डिंग केलं होतं. पुढे ते ऐकायची किंवा ऐकवायची छाती झाली नाही.

सासऱ्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. “ताल नाही,” ते म्हणाले. “कोण आहे हा?”

बायको माळ्यावरून उतरून दारात आली होती. तिने टिंबरावांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाबा शेवटी शिट्टी वाजवतात,” ती म्हणाली. “हा तू आहेस. तू बसल्या बसल्या झोपला असशील.”

“जावईबापू,” सासरे हळुवारपणे म्हणाले, “डॉक्टरला दाखवा.” मग लेकीकडे बघून म्हणाले, “किंवा हिला.”

ती रात्र टिंबरावांनी कुशीवर काढली. प्रोग्रामरने फाइली काढायच्या आधी सरांनी त्या पाहिल्या की नाही, एवढाच आता प्रश्न होता. सकाळी ऑफिसात पाऊल टाकताच शिपाई सांगत आला, सरांनी बोलावलंय.

सर खिडकीशी उभे होते. त्यांनी बसा म्हटलं, पाणी पुढे केलं. टिंबरावांनी माफीचं भाषण पाठ केलं होतं. पण सुरुवात सरांनीच केली.

“तुमची कविता वाचली,” सर म्हणाले. “कुठल्यातरी साहेबावर दिसते. चांगली आहे. आमच्या वरच्या साहेबांनाही लागू पडते, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.”

टिंबरावांचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली होती. ते घोटभर पाणी प्यायले.

“अर्जही वाचला,” सर म्हणाले. “दोन-तीन ठिकाणी पूर्णविराम राहिलेत, ते मी घातले. शिफारसपत्रही लिहून जोडलंय, मनापासून लिहिलंय.” त्यांनी जाडजूड पाकीट टेबलावरून टिंबरावांकडे सरकवलं आणि खुर्ची जवळ ओढून मोठ्या आशेने विचारलं, “पाठवताय कधी?”