एकशे चार पानांचा खुलासा

कार्यालयातल्या प्रत्येक वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत असावी, असा नियम असल्यामुळे हेडक्लार्कनी खिडकीतल्या मनीप्लांटचीही रीतसर नोंद केली : ‘वेल, हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची. नग एक. लांबी साडेतीन फूट. पाने नऊ.’ नोंद वाचून ते स्वतःवरच खूश झाले. पाठीमागे सगळे आपल्याला नियमकाका म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वेलीला मात्र नोंदवही वाचता येत नव्हती. ती खिडकीतून कपाटावर गेली, कपाटावरून साहेबांच्या दारापर्यंत पोचली. काकांना तिचं भारी कौतुक. दर सोमवारी ते एकेक पान ओल्या फडक्याने पुसत. तेवढा वेळ ते कुणाची फाईल अडवत नसत, म्हणून लोक कागद घेऊन सोमवारीच येत.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि वस्तूंची पडताळणी निघाली. काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या भांडारपालबाई टेप घेऊन आल्या.

“सर, एकोणीस फूट. पानं एकशे चार.”

“मग? वाढली वेल.”

“वाढीव पंच्याण्णव पानं कुठून आली, त्याचा खुलासा लागेल.”

“अहो, झाड आहे ते!”

“नोंद जडवस्तूत आहे, सर. जडवस्तू वाढत नाही.” बाईंचा स्वर अत्यंत आदराचा होता. “माझ्याकडे तीन खुर्च्या जास्त भरल्या, तेव्हा माझी बढती दोन वर्षं थांबली होती.”

काकांना ते आठवलं. शेरा त्यांचाच होता. अक्षरही सुरेख आलं होतं.

त्यांनी खुलासा दिला : ‘वाढ नैसर्गिक कारणास्तव.’ तो दुसऱ्याच दिवशी परत आला : ‘निसर्गाने पूर्वपरवानगी घेतली होती काय?’ नोंद जुळेपर्यंत निवृत्तीचे कागद हलणार नव्हते.

घरी बायको म्हणाली, “कात्री घ्या आणि मोकळे व्हा. माणसांच्या बाबतीत कधी हात थरथरला नाही तुमचा.”

शेवटच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी कचेरीत गेले. कात्री हातात घेतली, तर बायकोचं बोलणं आठवलं. आयुष्यभर आपण नेमकं काय करत आलो, हे त्यांना त्या खिडकीपाशी पहिल्यांदा दिसलं. दिसलं, आणि तरीही त्यांनी कापलं. साडेतीन फूट. नऊ पानं.

बाईंनी मोजून सही केली. मग हळूच म्हणाल्या, “छान दिसायची हो, सर.”



संध्याकाळी निरोप समारंभात साहेब गहिवरून म्हणाले, “यांच्या हाताखाली कितीतरी माणसं वाढली, बहरली!” टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या. चहा त्यानंतरच मिळणार होता.