तिघांची युनियन

गुरव मास्तरांनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा माणूस अजून मस्कतला उतरायचा आहे. मास्तरांनी माझ्या आयुष्यातली तीन वर्षं लांबवली, आणि तीही रीतसर ठराव करून.

ठरावाशिवाय या माणसाचं पान हलत नसे. कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या आमच्या खोलीत आम्ही तिघं: मास्तर, दापोलीचा सलीम आणि मी. डाळीत कोथिंबीर घालू का, असं मी विचारलं की मास्तर चष्मा कपाळावर चढवत. "सूचक कोण?"

"मीच की."

"अनुमोदक?"

सलीम आंघोळीला गेलेला असे. तो येईपर्यंत गॅस बंद. भूक लागलेल्या माणसाला अनुमोदकाची वाट बघायला लावणं हा गुन्हा धरला पाहिजे, असं माझं तेव्हाही मत होतं.

मास्तर राजापूरकडचे, शिक्षण सहावी नापास. मुंबईत एका कारखान्यात झाडू मारायला लागले, तिथल्या युनियननं उचलून उमेदवारीत घातलं आणि पाच वर्षांत पाइप फिटर करून सोडलं. पुढे ते ओमानला आले, पण युनियन काही अंगातून उतरली नाही. त्या काळी इथं तो शब्द नुसता उच्चारला तरी कॅम्प बॉसला घाम फुटायचा. म्हणून मास्तरांनी आमच्या खोलीत युनियन काढली आणि तिचं नाव ठेवलं भजनी मंडळ.

दर शुक्रवारी सकाळी मंडळ भरायचं. बाकीचा कॅम्प झोपलेला किंवा मत्राच्या बाजारात गेलेला. आम्ही मात्र लोखंड घासत बसलेलो. पहिले सहा महिने मी फक्त कानस चालवली. चौकोनी तुकडा द्यायचे, गोल कर म्हणायचे. गोल केला की म्हणायचे, "आता पुन्हा चौकोनी कर."

"मास्तर, आता तो उरलाय कुठं?"

"कलम नऊ," मास्तर म्हणायचे. कलम नऊ काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मुंबईच्या युनियनची सगळी कलमं त्यांना पाठ होती म्हणे. आम्ही कागद कधी पाहिला नाही.

एकदा कंपनीचे कोणी बडे पाहुणे आले आणि कॅम्प बॉस त्यांना घेऊन थेट आमच्या दारात. "मास्टरजी, एक भजन हो जाए." सलीमच्या हातात पाना, माझ्या हातात हॅकसॉ. मास्तर जराही गडबडले नाहीत. डोळे मिटून त्यांनी सूर लावला, "उमेदवाराने हत्यार हो हत्यार, स्वच्छ ठेवावे..." मी मागून "जय जय राम कृष्ण हरी" धरलं. दापोलीच्या सलीम मुकादमानं पान्यानं पाइपावर असा ठेका दिला की पाहुण्यांनी हात जोडले. मास्तरांनी त्याच चालीवर चार कलमं उरकली. कॅम्प बॉसच्या डोळ्यांत पाणी.

असा माणूस. आता माझं गाऱ्हाणं ऐका.

आमच्या कंपनीतला गोरा इंजिनिअर कुणाचंही सर्टिफिकेट मानत नसे. मास्तर "पास" म्हणाले की हेल्परचा फिटर. आणि फिटर झालं की बायकोला आणता येत होतं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी जन्मली ते मला तारेनं कळलं. मस्कतमध्येच अल घुब्राला एका इमारतीत दोन खोल्यासुद्धा मी बघून ठेवल्या होत्या, मालकाशी भाव करून झाला होता. अडलं होतं ते फक्त मास्तरांच्या एका शब्दाशी.

मंडळातल्या उमेदवारीची चार वर्षं पुरी झाली, परीक्षा आली. दोन पाइपांची तोंडं अशी जुळवायची की सांध्यातून सिगारेटचा कागद जाता कामा नये. मी जुळवली. मास्तरांनी कागद लावून पाहिला. मग उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या सांध्याकडे बघत राहिले.

"नापास."

"मास्तर, कागद गेला नाही!"

"गेला नाही. पण जायचा विचार करत होता."

मी मत्राच्या गालिचेवाल्यांना रडवलेला माणूस. म्हटलं, "बरं, सहा महिन्यांनी पुन्हा घ्या."

"वर्ष."

"तीन महिने, आणि तिघांची भांडी मी घासतो."

"वर्ष."

"मास्तर, घासाघीस अशी करतात का? तुम्ही पण थोडं खाली या की!"

"सांध्यात खाली-वर नसतं, पवार."

त्याच दिवशी सलीम पास झाला. सलीमच्या सांध्यातून सिगारेटचा कागद काय, पाकीट गेलं असतं. मी ओरडलो, तर मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक. सलीम खाली मान घालून म्हणाला, "माफ कर यार, कलम आहे."

पुढच्या वर्षी नापास. त्याच्या पुढच्या वर्षीही नापास. त्या वेळी मास्तर म्हणाले, काम उत्तम आहे पण घाई दिसते. दिसणारच! घरून आलेल्या फोटोत पोर पळायला लागली होती. मी सांधा उचलून भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा उडाला, सांधा काही सुटला नाही. इतका तो पक्का होता.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला मी अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, ऑफिसात जाऊन एवढा तमाशा केला की त्यानं "खलास, खलास" म्हणत मला दुसऱ्या कंपनीत जायचं ना-हरकत पत्र दिलं. कुरुमला त्या कंपनीत परीक्षा झाली. परीक्षकानं माझा सांधा बोटानं चाचपला आणि विचारलं, "इतकी वर्षं हेल्पर कशाला राहिलास?" पाव तासात मी फिटर. दोन महिन्यांत बायको आणि मुलगी विमानतळावर. मुलगी मला बघून आईच्या मागे लपली. तिला परका माणूस वाटलो.

पुढे मी अल अमेरातला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. माझा सांधा गळत नाही हे गिऱ्हाइकाला माहीत आहे, म्हणून भावात मी एक पैसाही उतरत नाही. हे मास्तरांमुळे, हे कबूल. पण कबुली वेगळी आणि माफी वेगळी.

मास्तर निवृत्त होऊन गावी गेल्याचं सलीमनं कळवलं. त्या वर्षी सुट्टीत मी गाडी काढली आणि आमच्या गुहागरहून तडक राजापूर गाठलं. अंगणातच सुरुवात केली. "मास्तर, माझा सांधा बरोबर होता की नव्हता?"

"बरोबर होता. पहिल्याच वर्षी."

"मग?"

मास्तर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "तू घुब्राला गेला असतास. सलीमचं कुटुंब काय येणार नव्हतं, तो खोलीतच राहणार. पण तो शुक्रवारी पाना हातात धरूनही झोपतो रे. मनापासून येऊन बसणारा तू एकच होतास."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेजारचे कुंपणाशी जमले. मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले, आणि माझा श्वास संपला तेव्हा मास्तरांच्या बायकोनं, काकींनी, मला आत हाक मारली. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेणार.

काकींनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "भाऊ, एक विचारू? रागावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांना जेवायला नक्की काय आवडतं?"

मी तिथंच पाटावर बसलो.

"विचारलं तर म्हणतात, काही चालेल. ताटात तसंच उरतं. पंचवीस वर्षं दर दोन वर्षांनी दोन महिने यायचे, पाहुण्यासारखे. पाहुण्याला कोण विचारतं? तुम्ही त्यांच्याबरोबर माझ्यापेक्षा जास्त राहिलात."

मग मी सांगितलं. डाळ घट्ट लागते, वरून कच्चा कांदा. मासे आवडतात, पण काट्यांचा कंटाळा. चहा दुधाविना, लिंबू पिळून. खोकला आला की न बोलता पाठ चोळायची. काकी एकेक गोष्ट ओठांतल्या ओठांत म्हणून पाठ करत होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

माझी तीन वर्षं ज्यानं नेली तो अंगणात बसलेला होता. त्याची कॉलर मला धरता आली. या बाईची पंचवीस वर्षं कुणी नेली? कंपनीनं, अर्बाबनं, की गावात काम न ठेवणाऱ्या आपल्याच लोकांनी? कुणाच्या दारात गाडी लावू ते सांगा. मी यायला तयार आहे. जो कोण असेल त्यानं बाहेर यावं आणि उत्तर द्यावं.