मराठीला उत्तर नाही

मंडळी, इंग्रजी शिकणं अगदी सोपं आहे! मी स्वतः चार वेळा शिकायला सुरुवात केली आहे.

अवघड असतो तो पुढचा भाग. पहिल्या आठवड्यात मी पेटून उठतो, दुसऱ्या आठवड्यात माझं डोकं दुखतं आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तक टेबलाच्या पायाखाली जातं. आमचं टेबल आता चारही बाजूंनी सारखं उंच झालं आहे.

पण या वेळी गोष्ट निराळी होती! मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात फिटर आहे. बारा वर्षं यंत्रांच्या पोटात डोकं घालून काढली. आमचे सुपरवायझर निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी चक्क माझं नाव वर गेलं! अट एकच. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या मॅडम फोनवर मुलाखत घेणार, तीही इंग्रजीत, कारण त्यांना मराठीचं अक्षरही कळत नाही. मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

मी तडक घरात बैठक बोलावली. बायको शिलाई मशिनवरून उठून आली, आई माळ्यावरची आवराआवर सोडून आली आणि दहा वर्षांची लेक वही घेऊनच आली.

"आजपासून एक महिना माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं!" मी जाहीर केलं. "मी मराठीत बोललो तर उत्तर द्यायचं नाही. मी गयावया करीन, नाटकं करीन, शपथा घालीन. तुम्ही विरघळायचं नाही!"

"अरे, पण मला कुठं येतं इंग्रजी?" आई म्हणाली.

"यस आणि नो येतं ना? पुष्कळ झालं!"

"अहो, पण तुम्हाला झेपेल का?" बायकोनं विचारलं. "मागच्या वेळी तर..."

"या वेळी माघार नाही!"

मी नियम कागदावर उतरवला, तिघींच्या सह्या घेतल्या आणि कागद फ्रिजवर चिकटवला. अंमलबजावणी लेकीकडे सोपवली. इथंच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. पोरगी फौजदार निघाली! 'सॉल्ट' हा शब्द आठवेपर्यंत माझं जेवण अळणीच संपायचं. पण गंमत म्हणजे मला मजा यायला लागली हो! एकदा तर मला इंग्रजीत स्वप्न पडलं. त्यात कोणी काही बोललं नाही, पण एकूण वातावरण इंग्रजी होतं.

मुलाखतीचा दिवस उजाडला. फोन अकराला येणार होता. पावणेअकराला मी दाढी करायला बाथरूममध्ये शिरलो, दार लावून घेतलं, गालांना साबण फासला आणि वस्तरा बाहेरच राहिला म्हणून दाराची मूठ फिरवली. मूठ हातात आली!

सहा महिने ती लुळी पडली होती आणि सहा महिने मी "रविवारी बघू" म्हणत होतो. फिटरच्या घरातली मूठ ही अशीच असते.

"अगं, दार अडकलंय! बाहेरून उघड!"

शिलाई मशिन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"अगं ए! मी आत अडकलोय! मुलाखत आहे माझी!"

"आई, उत्तर द्यायचं नाही हं," लेकीचा आवाज आला. "बाबा नाटकं करणार हे त्यांनीच सांगितलंय."

"नाटक नाही गं! तुझी शप्पथ!"

"बघ! शपथा घालतील हेही लिहिलंय!"

"अगं, रडतोय बहुतेक तो," आई कळवळून म्हणाली.

"आजी, तुझी सही आहे!"

आई दाराशी आली. एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग ती अगदी मायेनं म्हणाली, "नो."

बरं, इंग्रजीत ओरडावं, तर तोंडातून एक शब्द फुटेना! तीन आठवड्यांचं सगळं इंग्रजी मोरीतून वाहून गेलं होतं. मी मराठीतच बोंबा मारत राहिलो आणि तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो? यस," लेक म्हणाली. "माय फादर इज इन द बाथरूम."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! बारा वर्षांची मेहनत साबणाच्या फेसासारखी विरताना दिसली. लेकीनं फोन दाराच्या फटीशी धरला आणि मॅडमचा आवाज आला, "आर यू ऑल राइट?"

आणि काय सांगू, मंडळी! आतून बांध फुटला!

"मॅडम, वन मिनिट! आय ॲम फिटर! वाइफ! कम! लुक, स्मॉल होल, मिडल ऑफ हँडल! पुट नीडल!"

मशिन थांबलं, पावलं धावली. "हियर?"

"यस! पुश!"

"नीडल ब्रोकन!"

आता दाभण हवा. पण दाभणाला इंग्रजीत काय म्हणतात, ते माझ्या चारही पुस्तकांनी सांगितलं नव्हतं.

"बिग नीडल! व्हेरी बिग! नीडल्स ग्रँडमदर!"

फोनमध्ये कोणीतरी खो खो हसलं. लेक धावत जाऊन दाभण घेऊन आली.

"पुश! नाऊ टर्न! स्लोली! लिसन साउंड!"

खट्ट! दार उघडलं! गालावर साबण, अंगात बनियन आणि हातात मूठ अशा थाटात मी मुलाखतीला हजर झालो.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. फोन उचलला तेव्हा आत एक माणूस जीव तोडून ओरडत होता, तरी घरातलं कोणी हललं का नाही?

"माय रूल, मॅडम," मी कसंबसं म्हणालो. लेकीनं फ्रिजवरचा कागद आणून सगळा नियम इंग्रजीत समजावून सांगितला, सह्यांसकट.

मग मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे अकरा सुपरवायझर आहेत आणि एकाचाही नियम जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही. इथं तर खुद्द नियम करणारा रडला तरी नियम मोडत नाही! इंग्रजी काय, येईल हळूहळू. "यू आर सिलेक्टेड!"

"अगं, झालो! सुपरवायझर झालो! आई, ऐकलंस का?" मी किंचाळलो.

तिघी गप्प. बायकोचे डोळे भरून आले होते, आईचे ओठ थरथरत होते, पण कोणी ब्र काढेना. लेकीनं नुसती नऊ बोटं दाखवली. महिना संपायला नऊ दिवस होते!

आनंद पोटात मावेना. "आय ॲम... व्हेरी... गुड!" मी म्हणालो.

"यस," आई म्हणाली.

एवढ्यानं कुठं भागतंय! मी सरळ बाथरूममध्ये परत गेलो, दार धाडकन ओढून घेतलं आणि बादलीसमोर मराठीत मनसोक्त ओरडलो, नाचलो, स्वतःची पाठ थोपटली.

पाठ थोपटताना काहीतरी टणक लागलं. मूठ अजून माझ्या हातातच होती.

"वाइफ!" मी हाक मारली.